झाडांच्या सर्जनबाई

आमच्या असोसिएशनचं झाड बघायला त्रिपुरसुंदरीबाई पहिल्यांदा आल्या, तेव्हा त्यांनी झाडाकडे बघितलंसुद्धा नाही. गेटातून आत येऊन त्या पार्किंगमध्ये थांबल्या, मान तिरकी केली आणि मला विचारलं, "रडतंय कोण?"

चेन्नईच्या वेलचेरीतल्या आमच्या इमारतीत रडणारी माणसं पुष्कळ आहेत, पण ती बहुतेक आयटीतली. ती मीटिंग म्यूट करून रडतात, खाली ऐकू येत नाही. मी इकडेतिकडे बघायला लागले.

"जनरेटर," बाई म्हणाल्या. "श्वास कोंडलाय त्याचा."

त्या दिवशी सकाळपासून वीज नव्हती आणि कोपऱ्यातला जनरेटर नेहमीसारखा खोकत होता. आम्हाला वाटायचं, त्याचा आवाजच तसा आहे. बाईंनी तो बंद करायला लावला, पर्समधून पाना काढला आणि एअर फिल्टर उघडला. हो, पर्समधून. इतर बायका जिथे कंगवा ठेवतात तिथे. फिल्टरच्या आत उंदराचं घरटं निघालं. घरटं कागदाच्या बारीक तुकड्यांचं होतं आणि कागद आमच्याच नोटिशींचे होते: 'पार्किंगचे सुधारित नियम, तिसरी आवृत्ती.' बावन्न फ्लॅटमध्ये ती नोटीस निदान कोणाच्या तरी उपयोगी पडली, याचं मला सेक्रेटरी म्हणून फार समाधान वाटलं.

मी जयवंती. मूळची सांगलीची, बँकेत अधिकारी, तीन वर्षांपूर्वी बदलीने चेन्नईत आलेली. मी असोसिएशनची सेक्रेटरी झाले कारण वार्षिक सभेला गेले नाही. आमच्याकडे पदं अशीच भरतात. अध्यक्ष कृष्णस्वामी सर मात्र रीतसर निवडून आलेले आहेत. केंद्र सरकारच्या कुठल्याशा खात्यातून ते निवृत्त झाले. खातं काही त्यांच्यातून निवृत्त झालं नाही. दोन शब्दांचं काम असलं तरी ते चार परिच्छेदांचं पत्र लिहितात, खाली प्रती कोणाकोणाला ते लिहितात, आणि समोरच राहणाऱ्या माझ्या दाराखालून ते सरकवतात.

झाडाचंही पत्रच आलं होतं. झाड म्हणजे पार्किंगच्या कडेचा विलायती शिरीष. तमिळमध्ये त्याला तूंगुमूंजी म्हणतात, म्हणजे झोपाळू तोंडाचं. संध्याकाळ झाली की पानं मिटून घेतं म्हणून. ते इमारतीच्या आधीपासून तिथे आहे. बिल्डरने जाहिरातीत त्याचाच फोटो छापून फ्लॅट विकले, आणि तो फोटो बघून फ्लॅट घेतलेले लोक राहायला आल्यापासून त्याची तक्रार करतात. झाडावर प्रेम नाही असा एकही माणूस आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सापडायचा नाही. पाचव्या मजल्यावरची सौम्या दर पर्यावरण दिनाला झाडांवर इंग्रजी कविता टाकते. तिच्या बाल्कनीसमोरची फांदी तेवढी काढावी, कपडे वाळत नाहीत, इतकंच तिचं मागणं. दुसऱ्या मजल्यावरच्या मंडळींना पक्षी अतिशय आवडतात, फक्त पहाटे आवडत नाहीत. आणि कृष्णस्वामी सरांनी नवी पांढरी गाडी घेतली होती. ती ते कव्हर घालून, न चालवता, बरोबर त्या झाडाखाली ठेवत. तिच्यावर पक्षी बसत. सरांच्या मते यामागे कोणीतरी होतं.

झाड तोडायची परवानगी मिळणार नाही, हे कळल्यावर सरांनी पत्रातला 'तोडणे' हा शब्द खोडून 'छाटणे' असा लिहिला आणि पुढे जोडलं, 'बुंध्यापर्यंत'.

या कामासाठी इंटरनेटवर मला 'त्रिपुरा ट्री सर्जरी' सापडली. बाईंचं कार्डही तसंच आहे, आणि त्या 'सर्जरी'मुळे त्यांना महिन्यातून दोन तरी फोन गुडघ्यांसाठी येतात. मैलापूरच्या एका आजींनी पित्ताशयाच्या खड्यांबद्दल विचारलं होतं. बाईंनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि सांगितलं, आधी दुसऱ्या डॉक्टरला दाखवा. आजींनी दाखवलं, आणि ऑपरेशन टळलं म्हणून आभाराचा फोनही केला.

जनरेटर हसतखेळत सुरू झाल्यावर बाईंनी हात पुसले आणि मी फोनवर आईशी बोलत होते ते ऐकून एकदम मराठीत म्हणाल्या, "तुम्ही मराठी? आम्हीही. तंजावरचे."

बाईंचं मराठी जुन्या कागदपत्रांत घडी घालून ठेवलेलं आणि आता कोणीतरी उलगडल्यासारखं होतं, आणि त्याला तमिळचा हेल होता. माझं मराठी त्यांना बहुधा टीव्हीवरच्या जाहिरातीसारखं वाटलं असावं. तसं त्यांनी नंतर सांगितलंच.

त्यांच्याबरोबर एकोजी होता. बाईंच्या आत्याचा मुलगा, पन्नाशीचा, काटकुळा. वीस वर्षं तो उंच इमारतींना दोरावर लोंबकळून रंग देत होता. वर ऐकायला कोणी नसल्यामुळे असेल, त्याची बोलायची सवय गेली होती. तो दोर टाकून झाडावर चढला, अर्ध्या तासाने उतरला आणि म्हणाला, "दोन मेल्यात."

दोन फांद्या वाळल्या होत्या. बाकी झाड ठणठणीत होतं. बाईंनी कृष्णस्वामी सरांना समजावलं, की त्या दोन काढू, पार्किंगवर आलेल्या फांदीचं ओझं थोडं हलकं करू, आणि बाकीच्याला हात लावायचा नाही.

"आम्हाला वरचं सगळं काढायचंय," सर म्हणाले.

"वरचं तेच झाड, सर. खाली तर खांब आहे."

"खांब चालेल."

"डोकं छाटलं तर वर्षाने शंभर कोंब फुटतील. अवघे कच्चे. पहिल्या वादळात तेच येतील तुमच्या गाडीवर."

सरांनी चष्मा काढून बाईंकडे बघितलं. "तुम्ही झाडाची बाजू घेताय."

"सर्जन कोणाची घेतो?" बाई म्हणाल्या.

हे उत्तर सरांना आवडलं नाही. समितीची बैठक झाली, तीत काम 'गिरीधर मल्टिपर्पज सर्व्हिसेस'ला द्यायचं ठरलं. हे लोक पाण्याच्या टाक्या धुतात, झुरळं मारतात, सोफे शांपू करतात आणि झाडं छाटतात. माणूस स्वस्त होता, आणि मुख्य म्हणजे त्याने प्रश्न विचारले नव्हते. बाईंना कळवायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. मेसेज टाकायची लाज वाटली, म्हणून शनिवारी बँकेतून येताना आदंबाक्कमला त्यांच्या घरीच गेले.

घर कसलं, दवाखाना होता. व्हरांड्यात पांढऱ्या चादरीवर चार चेन सॉ ओळीने निजवलेले होते. म्हणजे झाडं कापायच्या त्या साखळीच्या यंत्रकरवती. शेजारी कप्प्या, दोर, हेल्मेटं. चपलांच्या जागी यंत्रं होती, त्यामुळे चपला रस्त्यावर. भिंतीवर तक्ता होता: कोणतं यंत्र किती तास चाललं, प्लग कधी बदलला, फिल्टर कधी धुतला. कामाला निघण्याआधी प्रत्येक यंत्राची चौदा मुद्द्यांची तपासणी होते. एकोजीने मला पुढे एकदा सांगितलं, की या घरात यंत्रांची रोज तपासणी होते आणि त्याची स्वतःची दहा वर्षांत एकदाही झालेली नाही. त्याच्या तोंडून मी ऐकलेलं हे सर्वांत मोठं वाक्य.

कॉफी घेऊन बाईंचे यजमान बाहेर आले. त्यांचं नाव सुंदर. सुंदर आणि त्रिपुरसुंदरी. पत्रिका बघायचा खर्चच वाचला. सुंदरराव टी. नगरच्या एका रेशमी साड्यांच्या दुकानात सेल्समन आहेत. आवाज इतका मऊ, की 'नाही' म्हणाले तरी ऐकणाऱ्याला 'हो' वाटतं. धंद्याचे सगळे मेसेज तेच लिहितात, कारण पहिलं वर्ष बाईंनी लिहिले होते आणि त्या वर्षी गिऱ्हाइकं राहिली नव्हती. कोणी विचारतं, झाड थोडं पलीकडे सरकवता येईल का? बाई ओरडून सांगतात, "त्यास म्हणावं, तुझं डोकं सरकव." सुंदरराव टाइप करतात, "आपल्या सूचनेबद्दल आभारी आहोत."

"बसा," बाई म्हणाल्या आणि गोल कानस घेऊन साखळीचा एकेक दात घासत राहिल्या. प्रत्येक दाताला तीन वेळा, एकाच दिशेने. मी विषय काढायचं टाळत विचारलं, हे शिकलात कुठे?

वडील बालाजीराव चेन्नईजवळच्या आवडी या गावी डिफेन्स फॅक्टरीत फिटर होते. इतर बाप मुलीला सुट्टीत समुद्रावर नेतात. बालाजीरावांनी नऊ वर्षांच्या मुलीच्या हातात लोखंडाचा ठोकळा आणि कानस दिली आणि सांगितलं, चारी कोपरे काटकोनात आले की जेवायला ये.

"मग?"

"तो रविवार होता," बाई म्हणाल्या. "मी मंगळवारी जेवले."

सुंदरराव हळूच म्हणाले, "मधे आजीने दहीभात दिला होता." बाईंनी त्यांच्याकडे असं बघितलं की ते बशी घेऊन आत गेले.

पुढे डिप्लोमा करून त्या ओरगडमला ट्रकचे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मेंटेनन्सला लागल्या. एकोणीस वर्षं होत्या. तेवढ्यात त्यांनी पाच पोरांना काम शिकवलं आणि पाचही जण एकामागून एक त्यांचे साहेब झाले. कंपनीने बाईंकडे दुर्लक्ष केलं असं मात्र कोणी म्हणू नये. दर महिला दिनाला गुलाबाचं फूल मिळायचं, आणि एका वर्षी 'मेंटेनन्स क्वीन' लिहिलेला मग. तो मग आता पेट्रोलमध्ये मिसळायचं तेल मोजायला आहे. पाचव्या साहेबाने यंत्रांची तब्येत सांगणारं ॲप आणलं. ॲप म्हणालं, मोठा प्रेस उत्तम आहे. बाईंनी प्रेसवर तळहात ठेवला आणि म्हणाल्या, बेअरिंग जायला आलंय. साहेबाने ॲपवर विश्वास ठेवला. गुरुवारी बेअरिंग गेलं, प्रेस दोन दिवस बंद पडला, आणि बाईंना नकारात्मक दृष्टिकोनाबद्दल समजपत्र मिळालं. ते त्यांनी घडी करून एका डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली घातलं आणि राजीनामा दिला.

त्याच वर्षी डिसेंबरात चेन्नईत मोठं वादळ आलं आणि शहरभर झाडं आडवी झाली. बाईंच्या गल्लीत बदाम पडला. तो कापायला आलेल्या लोकांचा चेन सॉ मधेच बंद पडला आणि पुन्हा सुरू होईना, तेव्हा ते त्याला दगडाने ठोकायला लागले. माणसाला कोणी मारत असलं तर बाई आधी कारण विचारतात. यंत्राला मारलेलं त्यांना बघवत नाही. त्यांनी तो हिसकावून घेतला, प्लग साफ केला, कार्बोरेटर धुतला, साखळीला धार लावली. आधी पिठासारखा भुसा पडत होता, आता लाकडाचे काप उडायला लागले. दुसऱ्या दिवशी व्हरांड्यात अकरा चेन सॉ येऊन पडले. ते दुरुस्त करता करता बाईंनी हे लोक झाडं कशी कापतात ते बघितलं आणि यंत्रांसाठीचा राग होता त्यावर झाडांसाठीचा राग चढला. एका निवृत्त वनाधिकाऱ्यांकडे दोन वर्षं दर शनिवारी जाऊन त्या झाड शिकल्या. दोराचं काम येणारा एकोजी घरचाच होता. धंदा उभा राहिला.

"तुमचं झाड कोणास दिलं?" बाईंनी मान वर न करता विचारलं. म्हणजे त्यांना कळलं होतं.

"गिरीधर म्हणून आहे."

"यंत्र कोणतं त्याचं?"

"माहीत नाही."

"साखळीस धार कोण लावतो?"

"माहीत नाही हो."

"सेरी, बरं," बाई म्हणाल्या. "मग झाड देवाचं."

दुसऱ्याच दिवशी, रविवारी सकाळी नऊ वाजता गिरीधर आला. चाळिशीचा, पोट सुटलेला, डोळ्यांवर काळा चष्मा. त्याच्या हातात कोराकरकरीत चेन सॉ होता. इतका कोरा, की त्यावरचं स्टिकर अजून निघालेलं नव्हतं. बाल्कन्या भरल्या. वृक्षप्रेमी मोबाइल घेऊन तयार होते. कृष्णस्वामी सर गाडीपासून सुरक्षित अंतरावर खुर्ची टाकून बसले. मी गाडी हलवायला सुचवलं होतं. पण गाडी तीन महिने चालवली नव्हती, बॅटरी मेली होती, आणि ही नवीन गाडी बॅटरीशिवाय ब्रेकसुद्धा सोडत नाही. जुन्या गाड्या ढकलता यायच्या. सरांनी सगळ्यात महागडं मॉडेल घेतलं होतं, त्यामुळे ते जागचं हलणार नव्हतं.

गिरीधर शिडीवर चढला आणि गाडीवरची जाड फांदी त्याने हात पोचेल तिथून, म्हणजे खालून, कापायला घेतली. अर्धी कापली गेली तशी फांदी आपल्या वजनाने खाली बसली आणि कापलेल्या फटीत तिने करवतीची पट्टी चावून धरली. गिरीधरने ओढलं. निघेना. त्याने जोर वाढवला. चेन सॉ किंचाळला, धूर निघाला, आणि कुकरची शिटी अर्ध्यावर तुटावी तसा तो गप्प झाला. तो पुन्हा बोलला नाही.

आता देखावा असा होता: वर अर्धी कापलेली फांदी, फांदीत लटकलेला चेन सॉ, खाली गाडी, आणि शिडीवरून उतरलेला गिरीधर, जो मला सांगत होता की आजचं काम इथवरच. फांदी मधूनच कर्रर्र करत होती. कृष्णस्वामी सरांनी गेल्या तीन वर्षांत मला पत्राशिवाय पहिल्यांदाच काही सांगितलं. ते म्हणाले, "त्या बाईंना बोलवा."

मी फोन केला. बाई म्हणाल्या, "रविवार यंत्रांचा. आम्ही कोठे जात नाही."

"बाई, फांदी तुटायला आलीय."

"गिरीधरास बोलवा."

"तो इथेच आहे. त्याचं यंत्र वर अडकलंय. धूर येऊन बंद पडलंय."

 पलीकडून एकदम बदललेला आवाज आला. "कसला धूर? पांढरा की निळा?"

वीस मिनिटांत व्हॅन हजर झाली. गाडीसाठी नाही, झाडासाठी नाही, आमच्यासाठी तर मुळीच नाही. बाई उतरल्या, वर लटकलेल्या यंत्राकडे बघितलं आणि गिरीधरला विचारलं, "पेट्रोलमध्ये तेल किती घातलं?"

"कसलं तेल?" गिरीधर म्हणाला.

बाईंनी डोळे मिटून घेतले. ही यंत्रं तेल मिसळलेल्या पेट्रोलवर चालतात, नुसत्या पेट्रोलवर ती आतून जळतात, हे मला नंतर कळलं. त्या क्षणी मला फक्त एवढं दिसलं, की बाईंनी काहीतरी मराठीत म्हटलं. ते तंजावरच्या दरबारातही जाहीरपणे म्हणत नसत.

मग काम सुरू झालं. लोकांना मागे हटवलं. एकोजी चढला, अर्ध्या कापलेल्या फांदीला दोर बांधला, तो वरच्या जाड फांदीवरच्या कप्पीतून घेऊन खाली सोडला. बाईंनी दोराचे बुंध्याला तीन वेढे घातले आणि टोक स्वतः धरलं. ठरलं असं, की एकोजी बाहेरच्या टोकापासून एकेक तुकडा कापेल आणि बाई तो दोराने अलगद उतरवतील. बाईंनी आपला लाडका चेन सॉ जमिनीवर सुरू करून दाखवला. एका झटक्यात सुरू झाला. बाल्कन्यांकडे बघत त्या म्हणाल्या, "यास म्हणतात निगा." यंत्र बंद केलं, दोराने वर पाठवलं.

वर एकोजीने यंत्र सुरू करायची दोरी खेचली. काही नाही. पुन्हा खेचली. पुन्हा. दहा वेळा, बारा वेळा. फांदी कर्रर्र करत होती. सौम्या वरून चित्रण करत होती. गिरीधरने काळा चष्मा कपाळावर सरकवला आणि त्याच्या चेहऱ्यावर सकाळपासून पहिल्यांदा शांती दिसली.

"ओढ!" बाई खालून ओरडल्या.

"ओढतोय," वरून उत्तर आलं.

बाईंचा चेहरा राखेसारखा झाला होता. चौदा मुद्दे, तक्ता, चादर, सगळं बावन्न फ्लॅटसमोर उघडं पडलं होतं. शेवटी एकोजीने यंत्र कमरेला लटकवलं, पाठीवरची हातकरवत काढली आणि कापायला सुरुवात केली. तासभर लागला. एकेक तुकडा सुटायचा, बाई दोर सैल करायच्या, आणि तुकडा गाडीच्या टपावरून वीतभर अंतराने पाळण्यासारखा झुलत बाजूला उतरायचा. बाईंचे तळवे लाल झाले, हातमोज्यातूनसुद्धा. शेवटच्या तुकड्याबरोबर फटीची पकड सुटली आणि गिरीधरचं यंत्रही दोराने खाली आलं. गाडीवर ओरखडा नव्हता. फक्त एका पक्ष्याने तेवढ्यात संधी साधली होती.

टाळ्या वाजल्या. बाई तिकडे बघतही नव्हत्या. त्यांनी आपला चेन सॉ हातात घेतला होता. मी शेजारीच उभी होते. मला त्यांचा अंगठा दिसला. तो एका छोट्या लाल स्विचवर थांबला होता. यंत्र वर पाठवताना त्यांनी स्वतःच बंद केलेला स्विच बंदच राहिला होता. चौदा मुद्द्यांत तो मुद्दा नव्हता, कारण इतकी साधी चूक कोण करील?

अंगठा हळूच सरकवला असता तर कोणाला कळलं नसतं. मी तर मान फिरवायच्या तयारीतही होते. पण बाई सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात तमिळमध्ये म्हणाल्या, "स्विच बंद होता. मीच केला होता. माझी चूक."

 एकोजी दोर गुंडाळत होता. तो म्हणाला, "मलाही दिसला नाही."

बाई व्हॅनच्या पायरीवर बसल्या आणि पाणी प्यायल्या.  त्यांना तेव्हा काय वाटत होतं ते विचारायची माझी छाती झाली नाही. थोड्या वेळाने त्यांनी गिरीधरला हाक मारली, त्याचं जळलेलं यंत्र मांडीवर घेतलं आणि म्हणाल्या, "हे मी नेते. उद्या या."

गिरीधर दुसऱ्या दिवशी खरंच बाईंकडे गेला. मला वाटलं होतं जाणार नाही. बाईंनी यंत्र उघडून पिस्टनवरचे उभे चरे त्याला दाखवले. तो म्हणाला, "दुकानदाराने सांगितलं, पेट्रोल घाला आणि चालवा."

"त्याने अर्धं सांगितलं, तुम्ही अर्धं ऐकलंत," बाई म्हणाल्या. "म्हणजे पाव पोचलं."

पुढचे चार रविवार गिरीधर त्या व्हरांड्यात बसून गोल कानशीने साखळीचे दात घासत होता. पहिल्या रविवारी त्याने बोटं कापून घेतली, दुसऱ्या रविवारी साखळी बिघडवली. तिसऱ्या रविवारी बाईंनी त्याला कॉफी विचारली, ती सुंदररावांनी इतक्या मऊ आवाजात आणून दिली की त्याच्या डोळ्यांत पाणी आलं म्हणे. नवा पिस्टन बसला, यंत्र सुरू झालं. आता गिरीधर झाडांची कामं बाईंकडे पाठवतो आणि टाक्या धुतो. अवजड तुकडे उतरवायचे असतील तेव्हा दोर धरायलाही येतो. पोटाचा तिथे उपयोग होतो. त्या चौदा मुद्द्यांत पंधरावा आला, सगळ्यांच्या वर, लाल शाईत.

आमच्या झाडाच्या दोन वाळक्या फांद्या बाईंनी पुढच्या आठवड्यात काढल्या आणि गिरीधरने अर्धवट ठेवलेला खुंट नीट, फांदी खोडाला मिळते त्या जोडाच्या बाहेरून कापला. समितीने यावर ठराव केला. ठरावात समितीने समितीचं अभिनंदन केलं.

सहा महिन्यांनी बाई जखमा भरल्यात का ते तपासायला आल्या. तोवर झाडावर पत्र्याची हिरवी पाटी लागली होती: 'हा वृक्ष असोसिएशनच्या दूरदृष्टीमुळे वाचला आहे. आदेशावरून, अध्यक्ष.' पाटी तीन इंची चार खिळ्यांनी थेट बुंध्यात ठोकली होती. एका खिळ्याखालून काळपट ओघळ आला होता.

 बाईंनी पर्समधून पक्कड काढली आणि एकेक खिळा हळूहळू, न वाकवता, उपसून माझ्या हातात ठेवला.

आवाज ऐकून कृष्णस्वामी सर खाली आले. "अहो, मग पाटी लावायची कुठे?"

"गळ्यात," एकोजी म्हणाला.

सरांनी यावर गंभीरपणे विचार केला. मग त्यांनी विचारलं, तारेने बांधली तर? बाईंनी सांगितलं, झाड जाड होत जातं, तार होत नाही, गळफास बसेल. सरांनी तेही टिपून घेतलं. शेवटी पाटी वॉचमनच्या केबिनला लागली. आता येणारे पाहुणे केबिनकडे आदराने बघतात आणि वॉचमन त्यांना समजावायच्या भानगडीत पडत नाही.

बाई घाईत होत्या. टी. नगरच्या एका गल्लीत कडुलिंब बघायला जायचं होतं. मालकांचं म्हणणं होतं, झाडाने सावली फक्त त्यांच्याच दुकानावर पाडावी, शेजाऱ्याच्या नको. तसं काही कापून देता येईल का?

"मग काय सांगितलंत?" मी विचारलं.

"मी सांगितलं ते तुम्हांस सांगण्यासारखं नाही," त्या व्हॅनचं दार ओढून घेत म्हणाल्या. "सुंदरने लिहिलंय, प्रत्यक्ष पाहून कळवू."